किनार सोडा, मधला हिरवा भाग पाहा : व्हेरिगेटेड अनंताची निगा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. दीड वर्षापूर्वी तुम्ही कुंडीतला व्हेरिगेटेड, म्हणजे दुरंगी पानांचा, अनंत आणला. करड्या-हिरव्या पानांना दुधी किनार होती आणि दोन-चार फुले लागलेली होती. आता शेंड्याची नवी पाने सगळीच पिवळट दिसतात. कळ्या भरपूर धरतात, पण हिरव्या असतानाच गळून पडतात. बुंध्याजवळून एक फांदी पूर्ण हिरव्या पानांची निघाली आहे आणि झाडात तेवढी एकच फांदी जोमाने वाढते आहे. हे सगळे चांगले की वाईट, आणि झाड कुंडीतून काढून जमिनीत लावावे का, असे तुम्ही विचारले आहे.

सगळ्यात आधी त्या हिरव्या फांदीचे. ती आजच कापा. बाकीचे सावकाश करता येईल, पण हे लांबवू नका. माझ्या पहिल्या व्हेरिगेटेड अनंताला अशीच फांदी फुटली होती. झाड अशक्त होते, निदान एक फांदी तरी धडधाकट आहे म्हणून मी ती ठेवली. दोन वर्षांत हिरवी फांदी सगळ्या कुंडीभर झाली आणि किनारीची पाने खाली सावलीत सापडून एकेक करून झडली. शेवटी माझ्याकडे साधा अनंत उरला. साधा अनंतही सुंदरच असतो, पण मला हवे असलेले झाड माझ्या हातून गेले ते गेलेच.

असे का होते हे कळले की पुढची निम्मी निगा आपोआप कळते. फांदीच्या टोकाला वाढीचा जो बारीक कोंब असतो त्यात पेशींचे थर असतात. किनारी पानांच्या बहुतेक झाडांत त्यांतला एक थर हरितद्रव्य बनवू शकत नाही आणि त्याच्या आतला थर बनवू शकतो. पानाची कड पहिल्या थरातून घडते म्हणून ती पांढरी, मधला भाग आतल्या थरातून घडतो म्हणून तो हिरवा. एकाच झाडात शेजारी-शेजारी राहणारी ही दोन प्रकारची पेशीकुळे आहेत. कधीतरी आतल्या हिरव्या पेशी बाहेरच्या थराची जागा घेतात आणि तिथून निघालेली फूट संपूर्ण हिरवी होते. त्या फुटीच्या पूर्ण पानावर अन्न तयार होते, किनारीच्या पानात फक्त मधल्या पट्ट्यात. मग जोर कोणाचा चालणार हे उघड आहे. हिरवी फांदी हा रोग नाही, पण ती शेजारणीला जगू देत नाही.

कापताना नुसता शेंडा खुडू नका, खालच्या डोळ्यांतून पुन्हा हिरवीच फूट येईल. फांदीचा माग काढत खाली जा, ती जिथून फुटली त्या जागेपर्यंत पोहोचा आणि तिथेच, खुंटी न ठेवता, धारदार कात्रीने कापा. कधी कधी त्या फांदीच्या तळाशी एखादे पान अर्धे हिरवे, अर्धे किनारीचे दिसते. तेही सोबत जाऊ द्या. याच्या उलटही होते, म्हणजे पूर्ण पांढऱ्या पानांचा कोंब येतो. दिसायला तो फार मोहक असतो, पण स्वतःचे अन्न बनवू शकत नाही, बाकीच्या झाडावर जगतो आणि उन्हात सगळ्यात आधी करपतो. तोही काढा. कापलेली हिरवी फांदी वाया घालवू नका, तिच्यापासून साध्या अनंताचे रोप होते. ते कसे, हे शेवटी सांगतो.

आता पिवळ्या पानांकडे. व्हेरिगेटेड झाडात नेमकी इथेच फसगत होते. साध्या अनंताचे पान पिवळे पडले तर कुणालाही लांबून कळते. किनारीच्या झाडात मुळातच पिवळट-पांढरा रंग असतो, त्यामुळे एक तर आजार महिनोन्महिने लक्षात येत नाही, नाहीतर झाड ठीक असताना माणूस घाबरून खतांचा मारा करतो. माझा नियम सोपा आहे: किनारीकडे बघायचेच नाही, मधला हिरवा भाग बघायचा. एक पान हातात घेऊन उजेडाकडे धरा. हिरवा भाग शिरांच्या मधेसुद्धा सलग हिरवा किंवा करडा-हिरवा असेल आणि किनारीशी त्याची हद्द स्पष्ट असेल, तर तो झाडाचा स्वतःचा रंग. कोवळ्या पानाची किनार बहुधा पिवळसर, लोण्यासारखी असते आणि पान जून होईल तशी पांढरट होते, त्याची काळजी नको. पण मधल्या हिरव्या भागातच शिरा तेवढ्या हिरव्या आणि शिरांमधली जागा फिकी, जाळी काढल्यासारखी दिसत असेल, तर झाड तक्रार करते आहे.

ही जाळी कोणत्या पानांवर आहे तेही पाहा. अगदी नव्या, शेंड्याच्या पानांवर असेल तर लोह कमी पडते आहे. लोह झाडात एकदा जिथे बसले तिथून सहसा हलत नाही, म्हणून तुटवडा नव्या पालवीत दिसतो. जाळी खालच्या, जुन्या पानांवर असेल तर मॅग्नेशियम कमी, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देते. जुने पान जाळी न होता सरसकट फिके होत असेल तर नत्र कमी. आणि आतल्या बाजूची काही जुनी पाने एकदम चमकदार पिवळी होऊन गळली, शेंडे मात्र टवटवीत असले, तर तो आजार नव्हे. सदाहरित झाड पाने टाकत नाही असा समज आहे. तेही टाकते, फक्त सगळी एकदम टाकत नाही. तुमच्या वर्णनात शेंड्याची पाने आहेत, म्हणून मी लोहाकडे बोट दाखवतो. तरी उजेडाकडे धरून खात्री करून घ्या.

लोह कमी म्हणजे मातीत लोह नाही असे मात्र नसते. बहुतेक मातीत लोह मुबलक असते. प्रश्न असतो सामूचा, म्हणजे मातीच्या पीएचचा. हा आकडा जितका लहान, तितकी माती आम्लधर्मी. माती आम्लधर्मी असेल तर लोह विरघळलेल्या रूपात राहते आणि मुळांना मिळते. सामू ७ च्या वर गेला की तेच लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून बसते. अनंताला ५ ते ६ सामू मानवतो, साडेसहापर्यंत तो निभावून नेतो, त्यापुढे कुरकुर सुरू होते. हा स्वभाव घराण्याचाच आहे. अनंत कॉफीच्या कुळातला, इक्झोराही त्याच कुळातला, आणि ज्यांनी इक्झोरा लावला आहे त्यांनी चुनखडीच्या मातीत त्याची पाने अशीच पिवळी झालेली पाहिली असतील. अनंताचे मूळ घर दक्षिण चीन, तैवान, जपानचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला उष्ण प्रदेश, म्हणजे भरपूर पावसाने चुना धुऊन गेलेली, पालापाचोळ्याने भरलेली जमीन. तीच परिस्थिती आपल्याला कुंडीत उभी करायची आहे.

जाता जाता नावाबद्दल. अनंताचे शास्त्रीय नाव गार्डेनिया जास्मिनॉइडिस. ‘गार्डेनिया’ हे नाव बागेवरून आले असे अनेकांना वाटते. ते आले डॉ. अलेक्झांडर गार्डन या दक्षिण कॅरोलायनात राहणाऱ्या वैद्य-निसर्गअभ्यासकावरून. त्यांचा मित्र जॉन एलिस याने १७६१ मध्ये हे नाव छापील स्वरूपात दिले. पुढचे ‘जास्मिनॉइडिस’ म्हणजे जाई-मोगऱ्यासारखा. सुरुवातीला युरोपातल्या लोकांनी याला मोगऱ्याचाच भाऊबंद मानले होते. वासावरून तसे वाटले तर नवल नाही, पण निगा मोगऱ्याची करून चालत नाही. मोगरा कडक ऊन, कोरडी पडणारी माती, खरड छाटणी हे सगळे सोसतो. अनंत सोसत नाही, आणि किनारीचा अनंत तर मुळीच नाही.

तुमची माती दीड वर्षापूर्वी ठीक असणार, कारण तेव्हा पाने चांगली होती. मग बिघडली कशी? माझा संशय पाण्यावर आहे. विंधणविहिरीचे किंवा कुठलेही जड पाणी म्हणजे विरघळलेला चुनाच. रोज लीटरभर पाणी घातले तरी वर्षभरात कुंडीतल्या मूठभर मातीचा स्वभाव बदलतो. कुंडीच्या काठावर, बाहेरच्या अंगाला किंवा मातीच्या पृष्ठावर पांढरी खरपुडी साचली आहे का पाहा. असेल तर उत्तर मिळाले. पानांची पांढरी किनार टोकाशी तपकिरी होऊन वाळत असेल तर तेही बहुधा त्याच क्षारांचे काम असते, कारण पांढरा भाग सगळ्यात नाजूक आणि तो आधी भाजतो.

उपाय तीन पायऱ्यांचा आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी पाणी सुधारा. पावसाचे पाणी साठवता आले तर त्याला तोड नाही. नाही जमले तर ४ लीटर पाण्यात साधारण १५ मिली साधे पांढरे व्हिनेगर मिसळून ते वापरा, एक पाणी आड करून चालेल. पाण्यातला चुना त्याने बराचसा निष्प्रभ होतो. मग माती. कुंडीतल्या झाडासाठी मी मातीवर उपचार करत बसत नाही, सरळ मिश्रण बदलतो. धुतलेले कोकोपीट चार भाग, चांगले कुजलेले पानांचे खत तीन भाग, निचऱ्यासाठी परलाइट (फुलवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा चुना नसलेली जाडसर वाळू दोन भाग आणि बागेतली माती एक भाग. कोकोपीट दोन-तीनदा पाण्यात बुडवून पिळून घ्या, त्यात मीठ असू शकते. समुद्राची वाळू, शिंपल्यांचा चुरा, राख, हाडांचा चुरा आणि बांधकामातून उरलेली माती यांतले काहीही या कुंडीत जाऊ देऊ नका, कारण हे सगळे सामू वर नेतात. राख टाकून अनंत पिवळा केलेल्या कुंड्या मी किती पाहिल्या त्याला गणती नाही.

तिसरी पायरी लोह देण्याची. इथे लोक पहिला हात हिराकशीला घालतात. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. आम्लधर्मी मिश्रणात ती चांगली काम करते: लीटरभर पाण्यात २ ग्रॅम, मातीतून, महिन्यातून एकदा. पण माती चुन्याची असेल तर हिराकशीतले लोहही काही दिवसांत अडकते आणि झाड होते तिथेच राहते. अशा वेळी चिलेट स्वरूपातले लोह घ्यावे, म्हणजे ज्याला एका सेंद्रिय रेणूने धरून ठेवल्यामुळे ते विरघळलेले राहते असे लोह. त्यातही फरक आहे. बाजारात सर्वाधिक दिसणारे ईडीटीए चिलेट सामू साधारण साडेसहाच्या खालीच टिकते, डीटीपीए सातच्या थोडे वरपर्यंत, आणि ईडीडीएचए हे चुनखडीच्या मातीतही टिकते. शेवटचे ओळखायला सोपे, त्याचे पाणी गडद तांबडे होते. लीटरला १ ग्रॅमपेक्षा जास्त नको, संध्याकाळी, ओल्या मातीत घाला. पानांवर हिराकस फवारायचा सल्ला तुम्हाला कुणी देईल. साध्या अनंतावर तो एक वेळ चालून जातो, पण किनारीच्या पानांवर काळपट डाग पडतात आणि ते पान गळेपर्यंत जात नाहीत. ज्या पानाच्या रूपासाठी झाड लावले त्यावरच डाग पाडून घेण्यात अर्थ नाही.

गुण आला की नाही हे जुन्या पिवळ्या पानांवरून ठरवू नका. तीन-चार आठवड्यांनी येणारी नवी पालवी पाहा. मधला पट्टा भरीव हिरवा आला तर जिंकलात. लगेच फरक दिसला नाही म्हणून मात्रा दुप्पट करू नका. आणि ही सगळी लक्षणे थंडीतच दिसत असतील तर थोडे थांबा. मुळांशी माती गार, साधारण १५ अंशांच्या खाली असेल तर मातीत लोह असूनही मुळे ते उचलत नाहीत. ऊब आली की पाने आपली आपण सुधारतात.

चहाचा चोथा, कॉफीचा चोथा, ताक यांबद्दल सतत विचारले जाते. वापरून उरलेला चोथा फारसा आम्लधर्मी राहत नाही, तो सेंद्रिय भर म्हणून कंपोस्टात घाला. ताकाने मुळांशी वास, चिलटे आणि मुंग्या येतात. यांच्या जोरावर सामू खाली येत नाही.

खताबाबत एकच गोष्ट ठासून सांगतो. किनारीचे झाड त्याच आकाराच्या हिरव्या झाडाइतके जेवत नाही आणि पाणीही तितके पीत नाही. अन्न बनवणारी जागा कमी, म्हणून वाढ कमी, म्हणून गरज कमी. साध्या अनंताला पुरते तेवढे पाणी याला घातले की मिश्रण सतत चिंब राहते आणि मुळे कुजू लागतात. कुजलेल्या मुळांच्या झाडाची पाने पिवळीच पडतात, माणसाला वाटते खत कमी पडले, आणि तो आणखी खत-पाणी घालतो. मी नवीन हातांना हेच सांगतो: बोट दोन पेरे मातीत घाला, वरचे पेर कोरडे आणि खालचे ओलसर लागले तर पाणी द्या, दोन्ही ओले असतील तर उद्या या. खत वाढीच्या दिवसांत महिन्यातून एकदा, शिफारशीच्या निम्म्या मात्रेत. अमोनियम सल्फेट चांगले, कारण ते नत्र देते आणि सामूही हळूहळू खाली ठेवते. लीटरभर पाण्यात १ ग्रॅम पुरे. नत्राचा अतिरेक झाला तर हिरव्या फुटी जोर धरतात आणि किनारीची पाने मऊ, किडीला आवडतील अशी होतात.

आता कळ्या. अनंताची कळी धरल्यापासून फुलेपर्यंत कित्येक आठवडे जातात, आणि एवढ्या दिवसांत काही ना काही बिघडायला पुरेसा वाव असतो. रात्रीचे तापमान साधारण १५ ते १८ अंश असताना कळ्या चांगल्या धरतात. रात्री २१ अंशांच्या वर राहू लागल्या की धरलेल्या कळ्याही गळू शकतात. हवामान आपल्या हातात नाही, पण बाकीची कारणे आहेत. सगळ्यात मोठे कारण म्हणजे पाण्याची अनियमितता: चार दिवस विसरायचे आणि पाचव्या दिवशी कुंडी भरून ओतायची. दुसरे, जागा बदलणे. कळ्या धरल्यावर कुंडी इकडून तिकडे नेऊ नका, फिरवूही नका. पाहुणे येणार म्हणून कळ्यांनी भरलेली कुंडी आत आणून ठेवली आणि दोन दिवसांत सगळ्या कळ्या जमिनीवर, हे मी स्वतः केले आहे. तिसरे, फुलकिडे. गळलेली कळी उलगडून पाहा, आत तपकिरी ओरखडे आणि रेघेसारखे बारीक किडे दिसले तर ते. चौथे तुमच्या बाबतीत खरे असावे: लोहाच्या तुटवड्याने पाने नीट अन्न बनवत नाहीत आणि झाडाला एवढ्या कळ्या पोसता येत नाहीत. पाने सुधारली की कळ्यांचा निम्मा प्रश्न सुटेल. तोपर्यंत या खेपेला मन घट्ट करून निम्म्या कळ्या बारीक असतानाच खुडून टाका. उरलेल्या मोठ्या होतील आणि उमलतील. उमललेल्या फुलावर पाणी उडवू नका, पाकळ्या तपकिरी पडतात. पाकळ्या पांढऱ्याच्या दुधी आणि मग पिवळसर होतात ते मात्र वयाने, त्यात काही बिघडलेले नसते.

उजेडाचा हिशेब या झाडात बारीक आहे. सकाळचे तीन-चार तास ऊन आणि दुपारनंतर सावली ही सर्वांत चांगली जागा. दुपारच्या थेट उन्हात किनार करपते, कारण तिच्यात हरितद्रव्य नाही आणि ती उजेडाचा काही उपयोग करू शकत नाही, फक्त तापते. म्हणून कोणी झाड दाट सावलीत सरकवते. तिथे पाने करपत नाहीत, पण फुले येत नाहीत, फांद्या लांबुडक्या होतात आणि पानांचा ठसठशीतपणा जातो. भिंतीजवळ ठेवायचे तर भिंत कुठल्या दिशेची हे पाहा. दुपारी तापलेली भिंत संध्याकाळपर्यंत झाडाला भाजत राहते.

जमिनीत लावायचे का? आधी एक छोटी परीक्षा करा. जिथे लावायचे तिथली वीतभर खोलीची चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसली तर मातीत मोकळा चुना आहे, आणि अशा जमिनीत गंधक घालून सामू खाली आणण्याचा प्रयत्न म्हणजे न संपणारे काम. गंधकाचे जिवाणू जेवढे आम्ल बनवतील तेवढे चुना खाऊन टाकतो. तिथे अनंत कुंडीतच ठेवा, दर दोन वर्षांनी मिश्रण बदला, झाड वर्षानुवर्षे सुखात राहते. माती फसफसली नाही आणि सामू साडेसहा-सातच्या आसपास असेल तर लावायला हरकत नाही. लावण्याआधी दोन-तीन महिने दर चौरस मीटरला ५० ते ७० ग्रॅम गंधकाची पूड वरच्या वीतभर थरात मिसळा आणि माती ओलसर ठेवा. गंधकाचे आम्ल जिवाणू करतात, त्यांना ऊब, ओल आणि वेळ लागतो. मग सामू पुन्हा तपासा.

खड्डा खोल नको, पसरट हवा. अनंताची मुळे वरच्या थरातच पसरतात. मुळांचा गड्डा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर वर राहील असा ठेवा, बुंध्याशी माती चढवू नका. वर पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळ्याचे आच्छादन, बुंध्यापासून चार बोटे दूर. एकदा लागले की भोवती खुरपणी करू नका, तण हाताने उपटा. आणि सिमेंटच्या नव्या भिंतीपासून, ओट्यापासून, फरसबंदीपासून निदान मीटर-दीड मीटर दूर राहा. नव्या सिमेंटमधून पावसाबरोबर चुना झिरपतो. माझे एक पाच वर्षांचे झाड शेजारी नवा गिलावा झाल्यावर एका पावसाळ्यात पिवळे पडले, आणि कारण कळेपर्यंत दुसरा पावसाळा गेला. सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचा, उपद्रव असलेल्या जमिनीतही सावध राहा. मुळांवर गाठी आल्या की झाड हळूहळू खंगते. अशा जमिनीसाठी गार्डेनिया थनबर्जिया या चिवट जातीच्या खुंटावर केलेले कलम मिळते का पाहावे.

छाटणी फुलांचा बहर संपला की लगेच आणि हलकी. शेंडे, वाळकी काडी, आकाराबाहेर गेलेली फांदी, इतकेच. ‘रॅडिकन्स व्हेरिगाटा’ ही जात तर मुळात बुटकी आणि पसरणारी, गुडघ्यापर्यंत क्वचितच जाते, तिला फारसे कापावे लागत नाही. जुन्या लाकडापर्यंत कधी छाटू नका. तिथून फुटणारे डोळे आतल्या थरातून येण्याचा संभव असतो, आणि आतला थर हिरवा हे वर सांगितलेच.

किडींत पांढरी माशी, पिठ्या ढेकूण आणि खवले कीड या तिघी नेहमीच्या. त्यांचा चिकट स्राव पानांवर पडतो आणि त्यावर काजळीसारखी बुरशी वाढते. आधीच अन्न कमी बनवणाऱ्या पानावर काजळीचा थर बसला तर झाडाचे हाल होतात, म्हणून ओल्या मऊ फडक्याने पाने पुसून घ्या. मुंग्यांची ये-जा दिसली की समजा वर कुठेतरी कीड आहे. मुंग्या त्या स्रावासाठी किडीची राखण करतात, तेव्हा आधी त्यांचा रस्ता तोडा. लीटरला ५ मिली निमतेल आणि थोडा सौम्य साबण, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला, आठवड्याच्या अंतराने तीनदा. पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा, किनारीची पाने काही वेळा साबणानेही भाजतात.

एक वळसा त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे हिवाळ्यात पाणी गोठते. हलके हिम अनंत सोसतो, कडक थंडी किनारीच्या जाती सोसत नाहीत. तिथे सुगंध, सदाहरित पान आणि रंग एकत्र हवे असतील तर तीन झुडपे पाहावीत. पिवळ्या किनारीची डॅफ्ने ओडोरा ‘ऑरिओमार्जिनाटा’, ऐन थंडीच्या शेवटी फुलणारी. हिचा सगळा भाग विषारी आहे आणि एकदा लावली की हलवलेली तिला चालत नाही. सोनेरी पानांची चॉयसिया ‘सनडान्स’, लिंबाच्या कुळातली, पान चुरडले तरी वास येतो. ती सावलीत गेली की सोनेरीपणा जाऊन हिरवट होते. आणि पारिजातक, जाई-जुईच्या कुळातली ऑस्मॅन्थस ‘गोशिकी’. जपानी भाषेत गोशिकी म्हणजे पाच रंग. पाने खरोखरच पाच रंगांची वाटतात, फुले मात्र मोजकीच.

आता रोपे करण्याचे. किनारीचा अनंत बियांपासून करता येत नाही. दुहेरी फुलांच्या जाती फळ क्वचितच धरतात. साध्या एकेरी अनंताची नारिंगी फळे आली तर ती बघण्यासारखी असतात. त्यांच्यातला पिवळा रंग म्हणजे क्रोसिन, तेच जे केशरात असते, आणि पूर्व आशियात त्याने कापड आणि खाद्यपदार्थ रंगवत आले आहेत. किनारीच्या झाडाला चुकून बी धरलेच तर ते पांढऱ्या थरातून घडलेले असते. रोप पांढरे निघते आणि बियातली शिदोरी संपली की मरते. मुळांच्या तुकड्यापासून केले तर हिरवेच होते. म्हणून फांदीच घ्यायची.

बहर संपल्यावर छाटलेले अर्धवट जून शेंडे, दहा-बारा सेंटिमीटर लांब, खालची पाने काढून आणि वरची दोन-चार ठेवून, ओलसर कोकोपीट-परलाइटमध्ये खोचा, वर पारदर्शक पिशवीची टोपी घाला आणि उन्हाबाहेर ठेवा. चार ते आठ आठवड्यांत मुळे धरतात. अनंताच्या काड्या नुसत्या पाण्याच्या बाटलीतही मुळे सोडतात, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलले म्हणजे झाले. तुमची कापलेली हिरवी फांदी आजच बाटलीत ठेवा. किनारीच्या रोपासाठी मला गुटी कलम जास्त भरवशाचे वाटते, कारण मुळे फुटेपर्यंत फांदी आईकडून अन्न घेत राहते आणि कमी हरितद्रव्याच्या फांदीला त्याची गरज असते. फांदी निवडताना सगळ्यात पांढरी निवडू नका. प्रत्येक पानाला किनार आहे आणि प्रत्येक पानात हिरवा पट्टा निदान निम्मा आहे अशी फांदी घ्या. पेन्सिलीएवढ्या जाडीवर बोटभर रुंदीची साल गोल काढा, ओले शेवाळ बांधा, त्यावर प्लास्टिक घट्ट गुंडाळा. आतून पांढरी मुळे दिसू लागली की खालून कापून छोट्या कुंडीत लावा आणि पहिला महिनाभर त्याला कळी आली तरी ती खुडून टाका.